सापडले ते कोणाचे?

शेतात पुरलेल्या धनाचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दर तीन वर्षांनी, सामान्य काळातील सतराव्या रविवारी, तो चर्चमध्ये वाचला जातो. एका माणसाला शेतात पुरलेले धन सापडते. तो ते पुन्हा तिथेच लपवतो, आनंदाच्या भरात जातो, आपले सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात हा प्रसंग अगदी थोडक्या शब्दांत आटोपला आहे. प्रवचनात आम्ही धर्मगुरू त्या माणसाच्या त्यागाविषयी बोलतो, स्वर्गराज्याच्या मोलाविषयी बोलतो. परंतु दाखला ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात एक शंका हमखास डोकावते. त्या माणसाने शेताच्या मालकाला का बरे सांगितले नाही? ज्याने शेत विकले त्याची फसवणूक झाली नाही काय?

ही शंका अश्रद्धेतून आलेली नाही, न्यायबुद्धीतून आली आहे. तिला दाबून टाकण्यापेक्षा तिच्याकडे निरखून पाहणे बरे. त्यासाठी आपल्याला काही काळ इंग्लंडमधील शेतांत जावे लागेल. कारण जो प्रश्न आपल्याला दाखल्यात भेटतो, तो तेथील हजारो सामान्य माणसांना शनिवार-रविवारी प्रत्यक्ष मातीत भेटत असतो.

पिके निघून गेलेली, नुकतीच नांगरलेली शेते. डोक्यावर टोपी, कानांना हेडफोन, एका हातात लांब दांड्याचे धातुशोधक यंत्र आणि दुसऱ्या हातात छोटे फावडे घेतलेला एखादा पेन्शनर किंवा कारखान्यातला कामगार पावलापावलाने चालत असतो. यंत्राच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. वाटेत धातू आला, तर त्या धातूतही क्षीण प्रवाह उठतात, आणि त्यांची चाहूल यंत्राला लागून कानात आवाज घुमतो. या विद्येचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा त्यांच्या शरीरातील ती गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असे यंत्र वापरून पाहिले. प्रयत्न निष्फळ ठरला. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने भूसुरुंग शोधणारे यंत्र तयार केले. जखमेतली गोळी आणि वाटेतला सुरुंग शोधणारी ही विद्या पुढे शांततेच्या काळात जुन्या नाण्यांच्या शोधाला लागली आणि त्याचा एक छंद झाला.

या छंदाला सरसकट नाक मुरडण्याचे कारण नाही. दिवसभर चालून या माणसांच्या पदरी बहुधा गंजलेले खिळे, बाटल्यांची बुचे, कोटाची बटणे आणि बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या पडतात. तरीही ते पुढच्या शनिवारी पुन्हा येतात. वारा सोसणे, एकटे चालणे, प्रत्येक आवाजासाठी गुडघे टेकणे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने उठणे हे काही वाईट शिक्षण नव्हे. एखादे दिवशी मात्र चिखलातून नखाएवढे रुपेरी नाणे वर येते. सातशे वर्षांपूर्वी ते कोणाच्या तरी हातातून निसटले होते, आणि त्यानंतर त्याला स्पर्श करणारा हा पहिला माणूस! त्या क्षणाचा आनंद निर्मळ आहे. प्रश्न सुरू होतो तो पुढच्या क्षणी, तळहात मिटताना.

दोन घटना शेजारी ठेवून पाहू. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ आपले यंत्र घेऊन एका शेतात गेले. ते खजिना शोधायला गेले नव्हते. पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला होता, तो शोधून देण्यासाठी गेले होते. यंत्र वाजले. मातीतून सोन्याची साखळी, चांदीचे चमचे आणि नाणी निघू लागली. काही वस्तू वर काढल्यावर लॉज यांनी हात आवरला आणि वार्ता संबंधितांना कळवली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी जागेवरच पद्धतशीर उत्खनन केले. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी आणि सोन्याचांदीच्या कितीतरी वस्तू तेथे निघाल्या. महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या लाकडी पेटीत कशा रचून ठेवल्या होत्या हेही कळले, कारण पेटीच्या बिजागऱ्या आणि आतल्या लहान पेट्यांची चिमुकली चांदीची कुलपे आपापल्या जागी सापडली. १९९३ साली या ठेव्याचे मोल साडेसतरा लाख पौंड ठरले आणि ते शोधक म्हणून लॉज यांना मिळाले. तेव्हाचा कायदा त्यांना वाटणी करायला सांगत नव्हता. त्यांनी ती रक्कम शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली.

दुसरी घटना २०१५ सालची. हेरफर्डशायरमध्ये लेम्स्टर गावाजवळ दोन शोधकांना व्हायकिंग काळातील ठेवा सापडला. त्यात सोन्याचे दागिने, चांदीची लगड आणि अंदाजे तीनशे नाणी होती. त्यांनी मालकाला सांगितले नाही, सरकारलाही कळवले नाही. नाणी गुपचूप विकायला काढली. २०१९ साली न्यायालयाने दोघांनाही दीर्घ कारावासाची शिक्षा ठोठावली. तोवर हाती लागली होती केवळ एकतीस नाणी. बाकीची कोठे गेली, हे मोबाइलमधून पुसून टाकलेल्या आणि तपासात पुन्हा मिळवलेल्या छायाचित्रांवरून तर्क करण्यापलीकडे कोणाला कळू शकले नाही.

आपण सहज म्हणू की पहिला प्रामाणिक आणि दुसरे दोघे चोर. सातव्या आज्ञेचा भंग झाला, शिक्षा झाली, प्रश्न मिटला. पण येथे नेमके चोरीला काय गेले, हा प्रश्न मिटलेला नाही. त्या एकतीस नाण्यांपैकी काहींवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले दाखवले आहेत. ही नाणी वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा चेओलवुल्फ यांच्या काळची, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकातली. आल्फ्रेडच्या दरबारी पुढे जी अँग्लो-सॅक्सन बखर लिहिली गेली, तिने चेओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातचे बाहुले ठरवून मोकळे केले. नाणी मात्र दाखवतात की हे दोघे एके काळी बरोबरीच्या नात्याने मित्र होते. म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ बदनाम झालेल्या एका माणसाच्या बाजूने साक्ष देणारे साक्षीदार त्या शेतात पुरलेले होते. त्यांतले बहुतेक बाजारात विखुरले आणि मुके झाले.

म्हणून मला वाटते की, हा प्रश्न सातव्या आज्ञेइतकाच आठव्या आज्ञेचाही आहे. आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. जमिनीत असलेले नाणे हे नुसते धातूचे चकते नसते. ते कोणत्या थरात होते, कशाच्या सोबतीला होते, मडक्यात होते की पिशवीत, हे सारे मिळून एक साक्ष होत असते. ते जागेवरून उपटले की साक्ष अर्धी होते. आणि चोरून विकायचे तर त्याला खोटा जन्मवृत्तान्त चिकटवावा लागतो, 'आजोबांच्या संग्रहातले' असे म्हणावे लागते. तेव्हा तर खऱ्या साक्षीदाराच्या तोंडी खोटी साक्ष घातली जाते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या घराजवळ आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या घराण्याचा गौतमीपुत्राने पाडाव केला असे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगत होताच. पण तो विजेत्याच्या मातोश्रीने कोरवलेला लेख. जिंकलेल्या राजाच्या मुद्रेवर जिंकणाऱ्याची मुद्रा उमटलेली पाहिली, तेव्हा त्या लेखाला दुजोरा मिळाला. यातले एकेक नाणे एकेका खिशात गेले असते, तर काही सुंदर नाणी उरली असती. परंतु तेरा हजारांत नऊ हजार हे प्रमाण कोणालाच कळले नसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पुरलेल्या धनावर हक्क कोणाचा, हा वाद पुरातन आहे. रोमन सम्राट हेड्रियनने निवाडा दिला की परक्याच्या जमिनीत अवचित सापडलेले धन शोधणाऱ्याला अर्धे आणि जमीनमालकाला अर्धे. आपल्याकडील १८७८ चा गुप्तधन कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायला सांगतो. मूळ धनी कोणी नाही असे ठरले आणि आपसांत काही करार झाला नाही, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला देतो. इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा १९९७ पासून अमलात आला. तीनशे वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला कळवणे बंधनकारक झाले. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. जो मृतांविषयी विचारतो, तोच पुरलेल्या धनाविषयीही विचारतो, ही त्या देशाची जुनी प्रथा मला फार अर्थपूर्ण वाटते. संग्रहालयाने ठेवा घेतला तर त्याची किंमत दिली जाते आणि ती सामान्यतः शोधक व जमीनमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते.

परंतु कायद्याचे हात एका मर्यादेपर्यंतच पोहोचतात. एकटेदुकटे सापडलेले नाणे या व्याख्येत सहसा बसत नाही. मालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित नसेल, तर ते खिशात घालून घरी जायला कोणाची आडकाठी नाही. कांस्य धातूच्या एकट्या वस्तूचीही तीच गत होती. २०१० साली कंब्रिया परगण्यात रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह एक अप्रतिम शिरस्त्राण सापडले. कायद्याच्या व्याख्येत ते बसले नाही. कार्लाइलच्या संग्रहालयाने लोकांकडून वर्गणी गोळा केली. तरी लिलावात ते सुमारे तेवीस लाख पौंडांना एका खाजगी ग्राहकाकडे गेले. यात कोणीही कायदा मोडला नव्हता. पुढे २०२३ मध्ये कायद्याची व्याख्या रुंदावण्यात आली. पण व्याख्या कितीही रुंदावली, तरी तिच्या पलीकडे काहीतरी उरणारच. कायदा जिथे थांबतो, तिथून सदसद्विवेकबुद्धीचे शेत सुरू होते.

आणि त्या शेतात चांगले पीकही आले आहे, हे सांगायलाच हवे. १९९७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना चालू आहे. शोधक आपली वस्तू आणतो, नेमकी कोठे सापडली ते सांगतो, तज्ज्ञ तिची नोंद व छायाचित्र घेतात आणि वस्तू त्याची त्याला परत मिळते. अशा पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आजवर झाली आहे. त्यांतील बहुसंख्य वस्तू कळवण्याची कायद्याने सक्ती नव्हती. साक्ष देऊन झाल्यावर साक्षीदाराला घरी नेण्याची ही सोय साधी आणि शहाणपणाची आहे.

शोधकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, "नांगराचा फाळ आणि रासायनिक खते दरवर्षी ही नाणी खाऊन टाकतात. पुरातत्त्वज्ञ या साध्या शेतांत कधीच फिरकले नसते. कष्ट आमचे, थंडी आम्ही सोसली." यात पुष्कळ तथ्य आहे. नांगरटीच्या थरातील वस्तू आधीच जागच्या हललेल्या असतात; त्या उचलून नोंदवल्या तर ज्ञानात भरच पडते. खरा धोका त्याखालच्या न हललेल्या थराचा आहे. तिथे आवाज आला की फावडे थांबले पाहिजे, आणि नेमके तिथेच थांबणे माणसाला सर्वांत जड जाते. आयर्लंडने वेगळी वाट धरली. १९८० साली टिपररी परगण्यातील डेरीनाफ्लान येथे, एका प्राचीन मठाच्या आवारात, बापलेकांना यंत्राच्या साहाय्याने मिस्साचा प्याला, थाळी आणि गाळणी सापडली. त्यांनी तो ठेवा राष्ट्रीय संग्रहालयाच्या स्वाधीन केला. मालकीवरून मात्र वर्षानुवर्षे दावा चालला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो राष्ट्राचा ठरवला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने परवान्याशिवाय अशा शोधावर कडक निर्बंध आले. ज्या प्याल्यातून कोणा अज्ञात मठवासीयांनी प्रभूचे रक्त प्राशन केले, तो कोणा एकाचा कसा असू शकेल, असे आपल्याला सहज वाटते. मग ज्या नाण्याने कोणा विधवेने भाकरी विकत घेतली असेल, ते तरी निव्वळ माझेच कसे?

ही चर्चा दूरदेशीची म्हणून सोडून देता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये 'छावा' हा चित्रपट गाजत असताना मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरजवळ, असीरगड किल्ल्याच्या परिसरातील शेतांत, मोगलांचे सोने मिळेल या आशेने लोक रात्री टॉर्च आणि धातुशोधक यंत्रे घेऊन खणत असल्याचे वृत्तपत्रांतून आपण वाचले. इंग्लंडमध्ये अशा रात्रीच्या चोरट्या शोधकांना ससाण्याची उपमा देतात. ससाण्याला फक्त भक्ष्य दिसते, शेत दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यांनी भरलेल्या आपल्या जमिनीकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याचे मन आपल्या शेतकरी कुटुंबांना मी वेगळे समजावून सांगायला नको.

आणखी एका व्यक्तीचा हक्क आपण विसरतो. ज्याने ते धन पुरले, त्याचा. धन कोणी हौसेने पुरत नाही. शत्रू वेशीपाशी आला, राज्य कोसळले, गाव सोडायची वेळ आली, की माणूस रात्री खड्डा खणतो आणि परत येईन असे स्वतःला बजावतो. शतकांनंतर आपल्याला तो ठेवा सापडतो, याचा अर्थ एकच असू शकतो, की तो माणूस परत आला नाही. हॉक्सनचा ठेवा ब्रिटनमधील रोमन राजवट मोडकळीला आली त्या पाचव्या शतकातला. त्यातील सोन्याच्या एका बांगडीवर ज्युलियाना नावाच्या स्त्रीसाठी शुभेच्छा कोरलेली आहे. ती बांगडी तिने हातातून उतरवून पेटीत ठेवली असेल, तेव्हा तिच्या घरात काय चालले असेल? पुरलेल्या धनापाशी उभे राहणे हे थडग्यापाशी उभे राहण्यासारखे आहे. आपण मृतांसाठी प्रार्थना करणारी माणसे. मृतांच्या वस्तूंना हात लावताना डोक्यावरची टोपी काढण्याइतका तरी आदर आपल्या मनात असायला हवा.

आता पुन्हा त्या दाखल्याकडे येऊ. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात चोरीविषयी विवेचन करताना या माणसाचा विचार केला आहे. ते तीन प्रकार वेगळे करतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या रत्नांसारखी जी वस्तू कधीच कोणाची नव्हती, ती सापडेल त्याची. जे धन फार पूर्वी पुरले आणि ज्याचा धनी उरला नाही, तेही शोधणाऱ्याचे. मात्र परक्याच्या जमिनीत सापडले तर कायद्याप्रमाणे अर्धा वाटा जमीनमालकाचा, आणि म्हणूनच दाखल्यातील माणसाने पूर्ण हक्कासाठी शेत विकत घेतले. पण जी वस्तू नुकतीच हरवली आहे, तिचा धनी आहे. परत करण्याच्या हेतूविना ती ठेवून घेणे ही चोरी. कायद्याच्या दृष्टीने त्या माणसाची सुटका झाली खरी. तरीही मालकापासून गोष्ट लपवल्याची रुखरुख उरते, आणि ती उरू द्यावी. प्रभू येशूच्या दाखल्यांत अन्यायी कारभारी आहे, निगरगट्ट न्यायाधीशही आहे. त्यांच्या सगळ्या वागणुकीचे अनुकरण करा असे तो सांगत नाही.

ज्यू परंपरेत एक जुनी कथा आहे. एकाने शेत विकत घेतले आणि त्यात धन सापडले. तो ते घेऊन विकणाऱ्याकडे गेला; म्हणाला, मी शेत घेतले, धन नव्हे. विकणारा म्हणाला, मी शेत त्यातल्या सगळ्यासकट विकले. दोघेही ते नको म्हणत राजापुढे गेले. राजाने एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी यांचे लग्न लावून ते धन त्या जोडप्याला दिले. तिथे बसलेला अलेक्झांडर बादशहा हसला. म्हणाला, माझ्या देशात दोघांनाही मारून धन राजाने घेतले असते. तेव्हा त्या राजाने विचारले, तुमच्या देशात पाऊस पडतो का? गुरे आहेत का? मग तो पाऊस त्या गुरांसाठीच पडत असावा!

दाखल्यातल्या माणसाची एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. त्याने धन उपटून पळ काढला नाही. ते जिथे होते तिथेच ठेवले आणि अख्खे शेत पत्करले. त्यातले दगड, तण आणि मेहनत यांसकट. धन आणि शेत त्याने वेगळे केले नाही. जे सापडले त्यासाठी त्याने सर्वस्व मोजले. आपली ओढ नेमकी उलटी असते. शेत नको, धन तेवढे हवे, आणि तेही काही न मोजता.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती कधी धातुशोधक यंत्र येईल. पण सापडणे सर्वांच्याच वाट्याला येते. बसमध्ये सापडलेले पाकीट, दुकानदाराने चुकून जास्त दिलेली मोड, वडिलांच्या पेटीत निघालेला भावाबहिणींना ठाऊक नसलेला कागद, विहीर खणताना लागलेले मडके. प्रत्येक वेळी 'हे माझे आहे का?' या प्रश्नाआधी 'हे कोणाकोणाचे आहे?' हा प्रश्न विचारता आला पाहिजे. सापडणारा हा मालक होण्याआधी साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराचे पहिले काम पाहिलेले खरे सांगणे.

अनुवादाच्या पुस्तकात आज्ञा आहे की, शेजाऱ्याचे चुकलेले गुरू किंवा हरवलेले वस्त्र दिसले तर तोंड फिरवून जाऊ नये, ते त्याला पोहोचवावे. त्या नोव्हेंबरमध्ये हॉक्सनच्या शेतात एक माणूस नेमके तेवढेच करायला गेला होता. पंधरा हजार नाण्यांबरोबर शेतकऱ्याचा तो हातोडाही सापडला. आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.